पेरूची पहिली फोड

शालनआक्का नसती, तर माझी लेक माझ्याजवळ वाढली नसती. आज पेरू कापला आणि त्या वासानं आक्काचं कोइमतूरमधलं स्वयंपाकघर आठवलं.

आम्ही दोघी शेजारणी सांगलीतल्या विट्याकडच्या, नवऱ्यांच्या सोनं गाळायच्या दुकानांमुळं इथं कोइमतूरला आलेल्या. माझी शाळा सातवीत सुटलेली. इंग्रजी शाळेतल्या पोरीला घरी शिकवणार कोण, या धास्तीनं मी तिला गावी सासूकडं ठेवायला निघाले होते.

"आवं आक्का, मला साधी फळांची नावंबी येत न्हाईत."

"मला तरी कुठं येत हुती? पोरांसंगं शिकले. मिटा डोळं, दोघींनीबी!"

तिनं नाकाशी फळ धरायचं, आम्ही इंग्रजी नाव सांगायचं, बरोबर आलं की फोड मिळायची. डाळिंब चुकलं. मग गोडसर, ओला वास आला.

"ग्वावा!" लेकीच्या आधी मीच ओरडले.

आक्कानं फोड माझ्याच तोंडात घातली. "पैला नंबर आईचा! आता कशाला धाडतीस गं लेकराला?"

नाही धाडलं. तेव्हा वाटलं, आक्का पोरीला शिकवतेय. आता शेजारच्या नव्या बिऱ्हाडातली मायलेकरं माझ्या ओट्यापाशी डोळे मिटून बसतात.

आक्का हल्ली गावीच असते. एक दिवस जाईन, तिला डोळे मिटायला लावीन आणि पहिली फोड तिला भरवीन.