आधी मागचं अंगण दाखवा

तुळजापुरात आजवर जेवढी लग्नं जमली, त्यांतल्या एकाही मुलीच्या बापानं केली नसेल एवढी चौकशी आमच्या शेजारच्या काकूंनी आपल्या बंद पडलेल्या मिक्सरसाठी केली आहे. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहिते. काकू मोडकी वस्तू फेकत नाहीत, विकत नाहीत. त्या ती ‘देतात’. आणि द्यायची म्हटलं की स्थळ बघणं आलं. स्थळ पसंत पडेपर्यंत लेक घरातच राहणार, मग तिचं वय कितीही होवो. म्हणून काकूंच्या मधल्या खोलीत एक फ्रीज, दोन मिक्सर, पाठीला पोक आलेला जुना टीव्ही, एक गिझर आणि पंखा निखळलेला कूलर वर्षानुवर्षं भिंतीला टेकून उभे होते. प्रत्येकावर धुतलेली जुनी साडी पांघरलेली. खंडेनवमीला काकू त्या सगळ्यांना हळदकुंकू लावत. चालू यंत्राला सगळेच लावतात, बंद पडलेल्याला कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “राबलेत की गं. थकल्यावर काय टिळा पुसायचा असतो का?”

स्थळ बघायची काकूंची रीत ठरलेली. भंगाराच्या दुकानात शिरायचं, मालकाला नमस्कार करायचा, भाव विचारायचा नाही, वजनकाट्याकडं ढुंकूनही बघायचं नाही. “आधी मागचं अंगण दाखवा,” एवढंच म्हणायचं. पुढून सगळीच घरं शोभिवंत असतात, हा त्यांचा सिद्धांत. मागची जमीन काळी दिसली की इथं तारा जाळून तांबं काढतात हे त्या ओळखत आणि पदर सावरून माघारी वळत. दुसरी परीक्षा पाण्याची. तिथलं पाणी मागायचं. प्यावंसं वाटलं, तरच पुढची बोलणी. येडशीचं स्थळ पाण्यावर मोडलं, नळदुर्गचं अंगणावर. आमच्याकडच्या वाशीच्या मालकानं तर हसत विचारलं, “काकू, फ्रीज द्यायचाय का पोरगी?” काकू शांतपणे म्हणाल्या, “पोरगी असती तर तुमच्या गल्लीतसुद्धा आले नसते.”

दसऱ्याच्या आधी शोरूमवाल्यांचे फलक लागतात, जुनं द्या आणि नवं न्या. मी चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत मोठी झाले, पण त्या फलकाला काकूंएवढा सरळ प्रश्न मी एकाही पत्रकात वाचलेला नाही. त्यांनी काउंटरवरच्या मुलाला विचारलं, आमचा जुना फ्रीज इथून पुढं कुठं जाणार? तो म्हणाला, ते कंपनी बघते. मग काकूंनी कंपनीचं मागचं अंगण कुठं आहे ते विचारलं. मुलगा मॅनेजरकडं गेला, मॅनेजर फोन कानाला लावून बाहेर गेला, आणि काकू एसीच्या गारव्यात सोफ्यावर बसून राहिल्या. नव्या फ्रीजची किंमत तिथं सगळ्यांना तोंडपाठ होती, जुन्याचा ठावठिकाणा एकालाही ठाऊक नव्हता. ही गोष्ट सांगून गाव काकूंना हसतं. हसणाऱ्यांना मी विचारते, तुमचा फ्रीज कुठं गेला? तारा पेटवणारा भंगारवाला सगळ्यांना दिसतो. त्याच्या हातात तारांचा भारा देऊन, हात झटकून घरी जाणारे आपण मात्र कुणालाच दिसत नाही.

काकूंचा मुलगा स्वभावानं मवाळ, पण नवरात्रात यात्रेकरूंना भाड्यानं द्यायला त्याला ती मधली खोली हवी होती. काकू देवळात गेल्याचं बघून त्यानं गावातल्याच भंगारवाल्याचा टेम्पो बोलावला. नाल्याकाठी संध्याकाळी तारा पेटतात आणि खालच्या वस्तीत धूर साचून राहतो, तो याच्याच आवारातून. काकू परतल्या तेव्हा फ्रीज टेम्पोत चढला होता. त्या ओरडल्या नाहीत. पदर खोचून टेम्पोच्या पुढ्यात मांडी घालून बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रसादाचे पेढे वाटू लागल्या.

“आई, लोक बघायलेत,” मुलगा कुजबुजला.

“बघू दे की. त्यांनी बघावं म्हणूनच बसलेय.”

भंगारवाला खोकत खोकत खाली उतरला आणि त्यांच्यासमोर उकिडवा बसला. माणूस वाईट नव्हता. “काकू, तार जाळल्याबिगर तांबं झटक्यात सुटत न्हाय. माझं पोट हाय त्याच्यावर.”

काकूंनी त्याच्या हातावर पेढा ठेवला. “तुझं पोट दिसतंय रे मला. पण तुझा खोकलाबी ऐकू येतोय. जाळणाऱ्या घरात मी द्यायची न्हाय.”

फ्रीज खाली उतरला.

शेवटी सोलापूरचं स्थळ मी सुचवलं. जुनी यंत्रं सुटी करणारं एक केंद्र तिथं आहे असं ऐकलं होतं. आम्ही दोघी एसटीनं गेलो. काकूंनी पुढचं ऑफिस न थांबता ओलांडलं. मागं पत्र्याच्या शेडमध्ये बायका हातमोजे घालून तारांची सालं सोलत होत्या, एका कोपऱ्यात फ्रीजमधला गॅस नळीनं टाकीत भरला जात होता. अंगणातली जमीन मातीच्या रंगाची होती. काकूंनी पाणी मागितलं आणि तांब्या रिकामा केला.

परतीच्या गाडीत त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “आमच्या धाकट्या बहिणीला देताना बापानं पुढची ओसरी बघितली. मागं कुणी गेलंच न्हाय. वर्षाच्या आत सांगावा आला, स्टोचा भडका उडाला म्हणून.” माझ्याकडं एरवी प्रत्येक अन्यायावर घोषणा तयार असते. तुळजापूर येईपर्यंत मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

सोलापूरची गाडी आली त्या दिवशी काकूंनी बाकीची यंत्रं पुसून दिली, फ्रीज आतून-बाहेरून पुसला, वरच्या कप्प्यात खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ ठेवले. उचलायला माणसं कमी पडली तेव्हा तोच भंगारवाला न बोलावता आला आणि खांदा देऊन गेला. यावरून तो सुधारला असं कुणी समजू नये. नाल्याकाठी तारा अजून पेटतात. आणि काकूही अजून दर मंगळवारी त्याच्या आवारात जातात, पाणी मागतात, तांब्या हातात धरून काळ्या जमिनीकडं बघतात आणि न पिताच परत येतात. तो तोंड चुकवतो, पण तांब्या आता घासून ठेवतो म्हणे.

काही दिवसांनी काकूंनी मला सोलापूरला फोन लावायला सांगितला. पलीकडची बाई कौतुकानं सांगत होती, फ्रीज सुटा झाला, पत्रा वेगळा, तांबं वेगळं, गॅस टाकीत. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग हलक्या आवाजात विचारलं, “धूर न्हाय ना झाला?”

नाही, ती म्हणाली, अजिबात नाही.

काकूंनी फोन माझ्याकडं दिला. फ्रीजवर पांघरलेली ती जुनी साडी मांडीवर घेतली आणि तिची घडी घालू लागल्या. बराच वेळ घालत राहिल्या. साडी काही एवढी मोठी नव्हती.