पाटीवरचा एक तास

अर्धे सार्डिन मासे साफ झाले होते, अर्धे तसेच ताटात होते, तेव्हा माझे सासरे बेलार्मिनुबाबा हातात खडू घेऊन घरी आले. एरवी खडू पाटीपाशीच ठेवून येतात.

बेलार्मिनुबाबांचा जन्म जाळी ओढण्यात गेला. नंतर अकरा वर्षं त्यांनी किनाऱ्यावरच्या सर्फिंगच्या शाळेची पाटी लिहिली. आमच्याकडे लाट बारा महिने असते, पण प्रत्येक वादळात पाण्याखालचे वाळूचे बांध जागा बदलतात. लाट कुठे नीट फुटेल, पूर्वेचा वारा किती टिकेल, भरती कधी अंगावर येईल, हे बाबा सकाळी लिहायचे. शाळा चालवणारा तेल्मो पाटी वाचूनच पोरांना पाण्यात उतरवायचा.

दोन वर्षांपासून बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. लाट ते कानांनी ओळखतात. भरती-ओहोटीच्या वेळा मी मोठ्या अक्षरांत उतरवून देते. छापील तक्ता हिवाळ्याच्या वेळेचा. उन्हाळ्यात इथे सगळी घड्याळं एक तास पुढे करतात, म्हणून तक्त्यात एक तास मिळवायचा, हे इथे लहान पोरालाही माहीत. या महिन्यात तो तास मीच मिळवून लिहिला, तेवढंच त्यांचं काम हलकं. सांगायचं राहिलं. त्यांनी सवयीने आणखी एक मिळवला.

मंगळवारी पाटीवर होतं, बारापर्यंत उतरा. बाराच्या आधीच पाणी इतकं चढलं की लाटा थेट काठावर आपटायला लागल्या. एका मुलीच्या खांद्याचं हाड मोडलं.

"तेल्मो काय म्हणाला, बाबा?"

"म्हणाला, काका, आता घरी बसा आणि सुनेच्या हातचं सूप प्या. लाटा बघायला खांबावर कॅमेरा बसवलाय त्याने. कॅमेऱ्याला सूप लागत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तास तू मिळवला होतास ना?"

"हो. आत्ता जाऊन सांगते त्याला."

"काय सांगशील? म्हातारा दोन वर्षं न बघताच पोरं समुद्रात सोडत होता, हे? चुकला म्हणू दे. आंधळा म्हणायला नको."

मी देवमातेपुढे मेणबत्ती लावली. जपमाळ हातात घेतली, पण पहिल्या मण्यापुढे गेले नाही. त्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नाही, कुणासाठी मागू? आणि रविवारी कबुलीच्या वेळी पाद्रींपुढे पाप कुणाचं म्हणून सांगू?

पाटी बाहेर काढायला बाबांकडे शाळेची चावी असायची, ती त्यांनी टेबलावर ठेवली आहे. ती आता मलाच तेल्मोला नेऊन द्यायची आहे.