दोन दवंड्या आणि एक बांगडीवाला

दौंड जंक्शनवरून सुटणाऱ्या गाडीने लांब शिट्टी दिली, की ती संध्याकाळ मला आजही जशीच्या तशी आठवते. सीमेवर युद्ध चालू होते आणि मी दौंडला फौजदार होतो. आमच्या घरचा मेंढरांचा धंदा सुटून फार काळ झाला नव्हता. कवठे येमाईच्या शाळेतून शिरूरला आणि तिथून पुण्याच्या कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. ज्या मास्तरांमुळे हे घडले, त्यांचा या हकिकतीतही वाटा आहे.

ते दिवस अफवांचे होते. खिडक्यांना काळे कागद लागले होते. रोज ठाण्यावर कोणी ना कोणी खबर घेऊन येई. उसात छत्रीवाला सैनिक उतरला, विहिरीत विष टाकले, डोंगरावरून कोणी बॅटरीने इशारे करतो. आम्ही प्रत्येक खबरीची स्टेशन डायरीत नोंद करायचो, जाऊन पाहायचो आणि हात हलवत परत यायचो. खबर खोटी निघाली तर लोकांना आनंद व्हायला हवा. तसे होत नसे. ते नाराज होत.

त्या दिवशी दिवेलागणीला रुळाला लागून असलेल्या एका गावाजवळ ओळीने स्फोटांचे आवाज झाले. चार कोसांत ऐकू गेले. पाठोपाठ त्या गावच्या पोलीस पाटलांचा माणूस सायकल मारत ठाण्यावर आला. "साहेब, लवकर चला. रूळ उडवणारा हेर घावलाय. लोक त्याला ठार मारत्याल."

मी हवालदार आणि दोन शिपाई घेऊन गेलो. पाटलांच्या दारातल्या लिंबाला एक म्हातारा बांधलेला होता. कपाळातून रक्त येत होते. त्याला मी ओळखले. शिरूरचा बांगडीवाला, ज्याला दोन्ही तालुक्यांतल्या बायका चाचा म्हणत. रुळाकडेच्या पायवाटेने तो गावात येत असताना स्फोट झाले आणि पहिला माणूस दिसला तो तोच. त्याच्या पेटीत वायरलेस असणार, म्हणून लोकांनी पेटी फोडली. वायरलेस सापडला नाही, तेव्हा बांगड्या फोडून पाहिल्या. पाटलांच्या उंबऱ्यापर्यंत काचांचा खच पडला होता.

गर्दीत सगळ्यात पुढे पिठाच्या गिरणीचे मालक होते. गावात रेडिओ त्यांच्याकडेच होता, त्यामुळे युद्धाच्या बातम्यांचा अर्थ सांगायचा मानही त्यांचाच. त्यांना सगळे मामा म्हणत.

"मामा, बांगड्यांनी रूळ उडतो का?" मी विचारले.

"काच उन्हात धरली की आभाळातल्या इमानाला इशारा जातो, साहेब. तुम्ही शिकलेलं हाय, तुम्हाला ठावं पायजे."

"आणि आता ऊन कुठं आहे?"

"म्हंजी तुम्ही त्याच्याच बाजूचं!" मामा म्हणाले, आणि गर्दी हलली.

वाद वाढवला नाही. "आरोपी माझ्या ताब्यात द्या," असे मुद्दाम मोठ्याने म्हणालो, चाचाच्या दंडाला धरले आणि त्याला जीपमध्ये बसवले. आरोपी म्हटल्याशिवाय त्याला त्यांनी सोडले नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हुकूम आला. युद्धाचे दिवस, घबराट नको, म्हणून दवंडी द्यायची की कोठेही स्फोट झालेला नाही. त्या गावात दवंडी देणाऱ्याने हलगी वाजवली आणि ओरडला, "ऐका हो ऐका, काल सांजंला कसलाबी आवाज झालेला न्हाई होऽऽ!" कोणीतरी विचारले, "बाबा, काल तूच की माझ्या वट्याखाली लपला हुतास?" तो म्हणाला, "व्हय. पर वरडायला असं सांगितलंय."

त्या दवंडीने गावाची खात्री पटली, की रूळ बॉम्बनेच उडणार होता आणि सरकार ते दडवत आहे.

तिकडे लॉक-अपमध्ये मी चाचाचा जबाब घेत होतो. घाबरलेल्या माणसाला आधी चहा द्यावा आणि प्रश्न नंतर विचारावा, हे मी नोकरीत लवकर शिकलो. चाचाने कप दोन्ही हातांत धरला.

"आवाज झाला तवा गाडी कुठं होती?"

"आवाजावरच हुती की साहेब. इंजन आलं, आन् त्याच्या चाकाखाली धाड धाड वाजलं."

"मग गाडी थांबली?"

"न्हाई. लांब शिट्टी मारली. लय लांब. सासरी निघालेल्या लेकीसारखी. आन् गेली."

मी लिहिता लिहिता थांबलो. चाकाखाली बॉम्ब फुटल्यावर शिट्टी मारत पुढे जाणारा ड्रायव्हर मला पटेना. पंचांना घेऊन जागेवर गेलो. रूळ शाबूत होते. खडीत पत्र्याचे चेपलेले तुकडे होते आणि त्यांच्यात झेंडूच्या पाकळ्या. घातपात करणारा रुळावर फुले वाहत नाही. मी तुकडे आणि पाकळ्या, दोन्ही पंचनाम्यात घेतले.

रुळाची देखभाल करणाऱ्या गँगच्या मुकादमाला बोलावले. धुक्यात ड्रायव्हरला सावध करायला रुळावर पत्र्याच्या चपट्या डब्या बांधतात. त्यांवरून चाक गेले की मोठा आवाज होतो. रेल्वेत त्यांना पटाखाच म्हणतात, एवढे मी ऐकून होतो. तुकडे पाहून मुकादमाने ओळख दाखवली नाही. "ठाऊक न्हाई, साहेब." नजर मात्र पाकळ्यांवर.

"बरं," मी म्हणालो. "मग त्या बांगडीवाल्यावरच केस करावी लागेल."

"कोण बांगडीवाला?"

"शिरूरचा चाचा. आत आहे. लोकांनी डोकं फोडलंय त्याचं."

मुकादम खाली बसला. "माझ्या पोरीच्या लग्नाचा चुडा त्यानंच भरलाय, साहेब." मग सगळे बाहेर आले. एक जुने ड्रायव्हर त्या दिवशी सेवेतली शेवटची गाडी घेऊन निघाले होते. अशा ड्रायव्हरला रुळावर पटाखे लावून सलामी द्यायची रेल्वेवाल्यांची जुनी रीत. इंजिनाला झेंडूचे हार घातले होते आणि शिट्टी हा ड्रायव्हरचा रामराम होता. युद्धात हे करायला नको होते, हे आवाज झाल्यावर त्यांच्या ध्यानात आले. ड्रायव्हरच्या पेन्शनला धक्का बसेल, म्हणून सगळे गप्प होते. पुढे मुकादमाला समज मिळाली. ड्रायव्हरच्या पेन्शनला काही झाले नाही.

दुसरी दवंडी गेली. रेल्वेचे पटाखे वाजले, घातपात नाही, बांगडीवाला निर्दोष आहे. हे अगदी खरे होते. मामांच्या गिरणीवर लोक हसले म्हणे. "काल म्हनत हुते आवाजच न्हाई, आज म्हनत्यात पटाखा. उद्या म्हनतील दिवाळी हुती."

मी चाचाला म्हणालो, "तुम्हाला सोडतोय. जा घरी."

तो उठला नाही. "साहेब, सोडता म्हंजी कुठं सोडता? मला बांगड्या भरायला गावात जायचं हाय. गाव सोडतंय का मला?"

मारहाणीची फिर्याद द्या म्हटले, तर तो म्हणाला, "फिर्याद दिल्यावर हात कोण पुढं करंल?"

कायद्याने माझे काम संपले होते. त्या माणसाचे मात्र सुरूही झाले नव्हते. तेव्हा मला मास्तर आठवले. मला पुढे शिकवावे म्हणून त्यांनी वडिलांना चिठ्ठी पाठवली नव्हती. ते स्वतः मेंढरे कोंडायच्या जाळीच्या वाघरीपाशी येऊन बसले होते, वडिलांनी तोंड फिरवले तरी पुन्हा आले होते. मी रेल्वेच्या साहेबांची परवानगी काढली आणि गावाला निरोप धाडला, की उद्या दुपारी रेल्वे फाटकावर या, पटाखा तुमच्यासमोर वाजवतो.

सारा गाव आला. मीही गावाकडच्या बोलीतच बोललो. "परवाची दवंडी खोटी हुती. आवाज झाला हुता. तुम्ही ऐकला त्यो खरा." मागचे लोक पुढे सरकले. सरकारी माणसाच्या तोंडून हे त्यांनी पहिल्यांदा ऐकले असावे. मुकादमाने हात जोडून आपली हकिकत सांगितली आणि स्वतःच्या हाताने डबी रुळाला बांधली. मालगाडीचे इंजिन हळू आले. धाड! झाडावरचे कावळे उडाले.

"त्योच आवाज," बरेच जण म्हणाले.

"त्योच हाय," मामा म्हणाले, "पण त्या दिवशी ह्याच्यात दम हुता."

लोक पुन्हा कुजबुजू लागले. चाचा जीपजवळ मान खाली घालून उभा होता. तेवढ्यात पाटलांच्या कारभारीणबाई, साऱ्या गावाच्या काकू, पुढे आल्या.

"पटाखा हुता का बॉम्ब, ते तुमचं तुम्ही बघा," काकू मामांना म्हणाल्या. "माझा लेक तिकडं सीमेवर लढतोय, आन् तुम्ही माझ्या दारात बांगड्या फोडल्या. सवाष्णीच्या दारात! काही वाटलं न्हाई तुम्हाला? तीन दिस माझी सून जेवली न्हाई."



काकूंनी सुनेला हाताला धरून पुढे आणले. "चाचा, काही शिल्लक हाय का?"

चाचाने गाठोडे सोडले. फुटक्या पेटीतून वाचलेल्या थोड्या हिरव्या बांगड्या होत्या. तो रुळाकडेच्या गवतात बसला. ती मुलगी समोर बसली आणि तिने हात पुढे केला. चाचाच्या हातून एकही बांगडी पिचली नाही. भरून झाल्यावर, रीत आहे त्याप्रमाणे, तिने पदर सावरून चाचाला वाकून नमस्कार केला. साऱ्या गावासमोर. मग आणखी एक बाई पुढे आली. पुरुष एकेक करून घराकडे निघाले.

मी या प्रकरणावर खूप विचार केला आहे. लोकांना अडाणी म्हणणे सोपे असते. पण कानांनी ऐकलेले आम्हीच खोटे ठरवले आणि नंतरचे खरेही आमच्या हातून गेले. पहिला शब्द खोटा गेला, की त्यामागून कितीही खरे पाठवा, ते उंबऱ्याबाहेरच थांबते.

निवृत्तीनंतर एकदा यवतच्या स्टँडवर मामा भेटले. खूप थकले होते. चहा घेताना माझ्या कानाशी वाकले. "साहेब, आता तर तुम्ही रिटायर झाला. खरं सांगा. बॉम्बच हुता ना?"

"पटाखा होता, मामा."

"कळलं, कळलं. तुम्हाला सांगता येत न्हाई." त्यांनी डोळा मिचकावला.

त्यांच्याबरोबर नात होती. तिच्या हातांत नव्या बांगड्या होत्या. मी सहज विचारले, "कुणाकडनं भरल्या?"

"कुणाकडनं म्हंजी?" मामा जवळजवळ रागावलेच. "आपल्या चाचाच्या पोराकडनं. बाप गेल्यावर तोच येतो. दुसऱ्याला आम्ही गावात शिरू देत न्हाई."