न कुजलेलं कापड

दोर वर ओढला, तर जड लागेना. हाजराचाचीने होडीतूनच हात घालून त्यावरचं कापड चाचपलं.

"बाय, आतून वास येतोय."

वास मेलेल्या शिंपल्यांचा होता. पावस गावाच्या अलीकडच्या एका खाडीत आम्ही हिरव्या शिंपल्या वाढवत होतो. दोन हजार साल उलटून गेलेलं. मी एका छोट्या संस्थेत फील्ड वर्कर होते आणि खाडीकाठच्या बायकांचा गट माझ्याकडे होता.

हे कशासाठी, ते आधी सांगते. नाल्यातून गावाचं सांडपाणी आणि कंपनीत मासळी धुतलेलं पाणी थेट खाडीत येतं. बागांतलं खतही पावसात वाहून येतं. खताने भात वाढतं तसं पाण्यातलं बारीक शेवाळ वाढतं. मग ते कुजतं आणि तळाच्या जिवांचा श्वास कोंडतो. साहेबलोक याला न्यूट्रियंट पोल्यूशन म्हणतात. मी चोरी म्हणते. चिखलात तिसऱ्या वेचून घर चालवणाऱ्या बायकांच्या ताटातली चोरी.

शिंपली हे शेवाळ गाळून खाते. ती पाण्याबाहेर काढली की तिच्या अंगातलं तेवढं खत खाडीबाहेर गेलं. बाहेर काढली, तरच.

वाढवायची रीत सोपी. पिल्लं दोराभोवती लावायची, वरून विरळ सुती कापड गुंडाळून शिवायचं आणि दोर तराफ्याला टांगायचा. शिंपली आपल्या धाग्यांनी दोर धरते, तोवर कापड कुजून गळतं. कुजणं हेच त्या कापडाचं काम; नाहीतर वाढती शिंपली आत कोंडून मरते.

आमचं कुजलंच नव्हतं. जांभळं, पोपटी, बुट्ट्यांचं, चकचकीत. दुबईच्या नायलॉनच्या ओढण्या!

"चाची, मी दिलेलं कापड कुठाय?"

"त्ये? बोट लावलं तर फाटत होतं गो. तान्ह्या जिवाला कुणी फाटक्यात गुंडाळतं? सगळ्यांनी पेटीतल्या चांगल्या काढल्या."

मला ओरडायची सवय आहे, पण त्या दिवशी मी नुसती त्या ओढण्या मोजत बसले. चाचा गेल्यापासून चाचीने रंगीत ओढणी अंगावर घेतली नव्हती. दुबईतला मुलगा मात्र प्रत्येक सुट्टीला एक आणायचा. त्या कोऱ्या ओढण्या तिने शिंपल्यांना दिल्या होत्या.

नाक्यावरच्या एसटीडी बूथवरून मुंबईला संस्थेच्या सरांना फोन लावला. शुक्रवारी संस्थेला पैसे देणारे फंडर पाहणीला येणार होते.

"रंगीत दोर? अगं, फोटो काय सुंदर येतील! शुक्रवारपर्यंत तसेच राहू दे."

"सर, तोवर आतल्या सगळ्या मरतील."

"थोड्या मेल्या तर काय बिघडलं?"

"पाण्यात सडतील. म्हणजे आपण घाण काढली नाही, घातली."

"तू ना, प्रत्येक गोष्टीचं निषेधपत्रक करतेस."

"हो सर," म्हटलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला सगळ्याजणी कातरी घेऊन तराफ्यावर बसल्या. जपून कापायचं होतं. आत टोक गेलं तर जिवंत शिंपलीचे धागे तुटतात. चाचीने पहिली आपली जांभळी घेतली. हात थांबला.

"सलीमने आणलेली," ती पुटपुटली.

"चाची, हा एक दोर राहू दे. एकाने काय होतंय?" मीच म्हटलं.

"गप गो. आत जित्या हायत."

आणि तिने कातर चालवली.

पलीकडे गटातल्या जुबेदाने मेलेल्यांची मूठ पाण्यात भिरकावली. आता मात्र मी ओरडले. "टोपलीत! टोपलीत टाक!"

"खाडीचं खाडीला द्यावं, रीत हाय आमची."

"अगो, तिला आधीच अजीर्ण झालंय," चाची म्हणाली, "आणि तू आग्रह करकरून वाढतेस?"

तराफा हलेपर्यंत हसल्या सगळ्या. मेलेल्या शिंपल्या माडांच्या आळ्यांत पुरल्या.

शुक्रवारी पाहुण्यांना काळे, अर्धे रिकामे दोर दिसले. "रिझल्ट कुठाय?" एका मॅडमनी विचारलं. मी नाल्याकडे बोट दाखवलं. "तो बंद करा, मग विचारा." सरांनी डोळे मिटून घेतले. पुढच्या वर्षीचा फंड आला नाही.

तरी पावसाळ्याच्या तोंडावर निम्मे दोर जड निघाले. एकेक ओढायला दोघी लागल्या. असल्या पाण्यातल्या शिंपल्या खायला देणं मला मान्य नव्हतं, त्याही माडांना गेल्या. शेवटचा दोर काढून चाची तराफ्यालगत ओहोटीच्या गुडघाभर पाण्यात उभी राहिली, खाली बघत.

"बाय, पाय दिसतायत."

मी वाकून पाहिलं. दिसत होते, बोटांसकट. किती वर्षांनी, ते तिलाच ठाऊक. ती बोटं हलवून पुन्हा पुन्हा बघत राहिली. जरा पुढे गेलं की पाणी पुन्हा तेच, हिरवं.

शिकले ते एवढंच. शिंपली खाडी गाळते, नाला नाही. नाल्याच्या दुसऱ्या टोकाला मासळीच्या कंपनीचं फाटक असतं, फाटकावर वॉचमन असतो. तिथे माणसांनीच जायचं असतं. पुढच्या सोमवारी आम्ही गेलो. चाची सगळ्यांच्या पुढे होती.