आठ चिठ्ठ्या, सात ताके

बारावीला मी इंग्रजीत नापास झाले तेव्हा घरी कुणी रागावलं नाही. आमच्या घरातलं कुणी नापास व्हायलाही तिथवर पोचलं नव्हतं.

खारबावकडची शेती भावांत वाटून संपली, म्हणून बाबा निजामपुऱ्यात पॉवरलूमच्या कारखान्यात कापडाच्या ताक्यांच्या घड्या घालायचे. प्रत्येक ताक्यावर मीटर लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी लागे. बाबांना लिहिता येत नसे. संध्याकाळी ते तोंडपाठ आकडे सांगत, मी लिहून देई. (अक्षर माझं सुंदर. नापास अक्षरामुळे झाले नव्हते.)

ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेसाठी मी त्याच कोऱ्या चिठ्ठ्यांवर शब्दांच्या आठ जाती लिहिल्या. एका चिठ्ठीवर एक. नाऊन, व्हर्ब, सगळ्या. हा गठ्ठा आणि बाबांच्या आकड्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा, दोन्ही दोऱ्याने बांधले आणि शेजारी ठेवले. सकाळी बाबांनी उचलला तो माझा.

दोन दिवसांनी व्यापाऱ्याकडून माल परत आला. कारखान्याच्या सेठनी बाबांना बोलावलं.

"गणपत, ये ॲडजेक्टिव्ह कितना मीटर है?"

"पोरीनं लिवलंय, सेठ. बरोबरच असंल."

शुक्रवारी कारखाना बंद असतो. त्या दिवशी सगळे ताके आम्ही बापलेकीने पुन्हा मोजायचे, आणि माप चुकलं तर बाबांची नोकरी गेली, असं ठरलं.

"बाबा, चिठ्ठी लावताना निदान आकडे तरी बघायचे."

"तुजं अक्षर दिसल्यावर मी बघतच न्हाय."

बाबा मोजत होते, मी लिहीत होते. जुनी चिठ्ठी काढली की ते विचारायचे, "हिच्यात काय हाय?"

"नाऊन. म्हणजे नाव. लूम, ताका, सेठ."

"आन् ही?"

"व्हर्ब. म्हणजे काम. विणणं, मोजणं, उचलणं."

बाबांनी मीटरपट्टी खाली ठेवली. "म्हंजी सेठ नाऊन आन् आमी व्हर्ब."

गादीवर बसलेले सेठ वर्तमानपत्रामागून बघायला लागले. मी घाईघाईने पुढचा ताका ओढला. पण वर्षभर पाठ करून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तेव्हा शिरलं.

घरी राहिलेल्या चिठ्ठ्यांशी माप बरोबर निघालं. सेठ म्हणाले, "गणपत, तू कल से आ. लड़की पास होने तक चिट्ठी मुनीम लिखेगा."

परत आलेले ताके मात्र सातच होते. आठवा कन्जंक्शनची चिठ्ठी घेऊन व्यापाऱ्याकडून परस्पर रंगाईला, म्हणजे रंगवायला गेला होता, त्यामुळे तेवढी एक जात बाबांना समजावायची राहिली.

ऑक्टोबरला मी पास झाले. पुढे बी.ए. केलं, आमच्या घरातली पहिली. कन्जंक्शनचा प्रश्न तेवढा मी प्रत्येक पेपरात सोडून दिला.