ऐतवारचा राब

वैशाख निम्मा सरला होता आणि त्या सकाळी वारा पार पडलेला. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर धुरकट झाक होती, खाली धरणाचं पाणी परातीत ओतल्यासारखं निपचित. पारूबाई उजाडायच्या आधीच खाचराच्या वरच्या अंगाला आली होती. शेण तिने काल सांजेलाच पसरून ठेवलं होतं. आता त्यावर ऐनाची वाळली टहाळं, टहाळांवर पालापाचोळा, पाचोळ्यावर गवत असे थर दाबत ती वाफ्याच्या कडेकडेने सरकत होती. सगळ्यात शेवटी बारीक माती. ती तिने हात न राखता भुरभुरली. माती कमी पडली की जाळ होतो, चांगली पडली की नुसतं धुमसतं. पारूबाईला धुमसायलाच हवं होतं.

गावातल्या सगळ्यांचे राब भाजून झाले होते. भाताचं रोप टाकायच्या जागा काळ्याभोर होऊन पावसाची वाट बघत पडल्या होत्या. एका दिवसात राब भाजून मोकळं व्हायचं, ही सगळ्या खोऱ्याची रीत. पारूबाईने यंदा आपल्या राबाचे तुकडे पाडले, मधली जागा झाडून मोकळी ठेवली, आणि दर ऐतवारी एकच तुकडा पेटवायचा नेम धरला. बांधावरनं जाणारे हसायचे.

"पारूकाकू, भैरोबाचा वार धरलाय जनू!"

"व्हय बाबा. देवाला ऐतवारीच धूप लागतो माज्या."

धूप कुणाला लागत होता ते सगळ्यांना ठाऊक होतं. राबाला लागून तारेचं कुंपण होतं. कुंपणापलीकडे चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट, नव्याने लावलेली नारळाची रोपं आणि एक मोठा बोर्ड. त्यावर काय लिहिलंय ते सोमनाथने, तिच्या लेकाने, एकदा वाचून दाखवलं होतं. 'निसर्गाच्या कुशीत तुमचं हक्काचं घर.' वाचता वाचता त्याचाच आवाज बसला होता.

हे सगळं आनंदरावाचं. आनंदराव म्हणजे पारूबाईचा चुलत दीर. वरचा माळ त्याच्या वाटणीचा, पण माळावर गाडी जायला वाट नव्हती. वाट काढायची तर पारूबाईच्या खाचरातूनच. पाच वर्षांमागे तो पारूबाईच्या ओट्यावर येऊन बसला, चहाची बशी फुंकत म्हणाला, "बंडूदादा, वयनी, रस्त्यापुरती पट्टी सोडा. बदल्यात माळावरचा रस्त्याच्या तोंडचा गुंठा सोमनाथच्या घराला. कायमचा." बंडू, पारूबाईचा नवरा, भोळा माणूस. तो लगेच मान हलवायला निघाला होता. पारूबाईने मधे तोंड घातलं. "भावजी, देवळात बोला." मग तिघं भैरवनाथाच्या देवळात गेली आणि आनंदरावाने देवापुढचा बेलभंडार उचलला. कपाळाला लावला, शब्द दिला. भंडारा उचलल्यावर कागद मागायचा म्हणजे देवावर संशय घ्यायचा. ते त्या दोघांच्याने झालं नाही. रस्त्याच्या कागदावर मात्र बंडूची सही आणि पारूबाईचा अंगठा दोन्ही झालं.

रस्ता झाला. पुढच्या पावसाळ्यात बंडू गेला. त्याचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत तो तोंडचा गुंठा तारेच्या आत गेला आणि त्यावर एक नंबरची खुंटी बसली.

आता कुणी म्हणेल, एका गुंठ्याचं एवढं काय? पारूबाईला विचारा. तिचा सासरा कोंडिबा दोन हिवाळे जंगलातल्या कूपावर, लाकूडतोडीला, कुऱ्हाड मारायला गेला आणि त्या मजुरीत त्याने घर उभं केलं. सागाचे खांब विकत, दगड ओढ्यातला, माती दारची, भिंती उचलायला सगळी भावकी. नऊ खणांचं घर. ना कर्ज, ना हप्ता. तेच घर चौघा भावांत वाटलं तेव्हा बंडूच्या वाट्याला दोन खण आले. बंडूने धरणाच्या कालव्यावर उमेदीची सगळी वर्षं माती वाहिली, त्यात त्याच्याच्याने एवढंच झालं, कौलं उतरवून पत्रे चढवले आणि मागल्या दारी मोरी बांधली. आणि सोमनाथ? तो आयटीआय शिकला, शिरवळला कंपनीत लागला. कोंडिबाने जन्मात एकगठ्ठा बघितला नसेल एवढा पगार तो महिन्याला घेतो. आणि राहतो कुठं, तर भाड्याच्या एका खोलीत. दिपाली, त्याची बायको, मोरीतच भांडी घासते, तिथंच पडदा ओढून न्हाते. पोरगं कॉटखाली रांगायला शिकलं. पारूबाई एकदा गेली होती चार दिवस राहायला, दुसऱ्याच दिवशी एसटी धरून परत आली. नातवाला मांडीवर घ्यायचं तर पाय पसरायला जागा नव्हती.

राहिलेल्या खाचरात घर बांधावं तर जोतं चार महिने पाण्यात, आणि खायचं काय? मुरमाड, कोरडी, रस्त्याला लागून अशी जागा एकच. एक नंबरची खुंटी.

ती मागायला पारूबाई गेटावर गेली होती. पहारेकऱ्याने तिला बाहेरच उभी केली. आनंदराव गाडीतून न उतरता, काच निम्मी खाली करून म्हणाला, "वयनी, तवाचं येगळं व्हतं. आता भाव कुठं गेलाय ठावं हाय का? सोमनाथला म्हनावं, बँकेचं कर्ज काड, घे की. आनि खरं सांगू का, रागवू नगा. तोंडालाच तुमची चूल पेटनार, धूर व्हनार. गिऱ्हाईक धुराला लई बिचकतं."

काच वर गेली.

पारूबाई घरी आली, चुलीपुढे बसली. फुंकणीने फुंकता फुंकता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. तिने ते पुसलं नाही. बराच वेळ धुराकडे बघत राहिली. गिऱ्हाईक धुराला बिचकतं. भावजींनी आपल्याच तोंडाने सांगितलं होतं.

ते गेल्या पावसाळ्यातलं. वैशाख यायची ती तेव्हापासून वाट बघत होती.

आजचा तिसरा ऐतवार. उन्हं वर आली तशी धरणाकडनं झुळूक सुटली. पारूबाईने पदर वाऱ्यावर धरून बघितला. पदर कुंपणाकडे उडाला. गेटाशी पांढरी गाडी वळली तशी ती खाली वाकली आणि वाफ्याच्या वरच्या, कुंपणाकडच्या कडेला काडी लावली. वाऱ्याच्या उलटं पेटवलं की राब चवीचवीने जळतो.

गाडीतून आनंदराव उतरला, मागून एक साहेब आणि त्यांची बाई. साहेबांनी मोबाईल काढून गडाकडे धरला. आनंदराव हात पसरून सांगत होता, "सकाळी खिडकी उघडली की बालेकिल्ला समोर. एक नंबरचा प्लॉट म्हणजे असा..." तेवढ्यात धूर पोचला. आधी पातळ, मग पिवळट, शेणाचा, डोळ्यात चावणारा. साहेबांच्या मोबाईलमधला गड गेला. बाईंनी ओढणी नाकाला लावली आणि तारेजवळ आल्या.

"आजी, हे काय जाळताय?"

"राब हाय बाई. भाताचं रोप टाकायचं तर जिमीन भाजावी लागती."

"रोज असतं का असं?"

"न्हाई वो, रोज कुटलं! वैशाखापुरतं." पारूबाईने मायेने सांगितलं. "मग पाऊस लागला का धूर न्हाई. मग शेनखताचा वास. आनि भात पोटरीला आलं का रानडुकरं. ती हाकलायला आमी रातभर डबं वाजवतो. तुमाला झोप लागायची न्हाई म्हनून सांगते. हितं ऱ्हानार का तुमी?"

"राहणार म्हणजे... सुट्टीचं घर. शनिवार-रविवार. आमचं पुण्यात आहे घर, हे दुसरं."

"दुसरं?" पारूबाईच्या हातातली मातीची मूठ तशीच राहिली. "मग पयल्याला काय झालं?"

बाई हसल्या आणि खोकत गाडीकडे गेल्या. गाडीत बसताना नवऱ्याला काहीतरी म्हणाल्या, साहेबांनी आनंदरावाचा हात हातात घेऊन सोडला. घेतला तसा पटकन सोडला. ते बघून पारूबाईला आधीच्या दोन्ही ऐतवारांहून जास्त गार वाटलं.

पाहुण्यांना फाट्यावर सोडायला पहारेकऱ्याबरोबर गाडी लावून देऊन आनंदराव चालतच बांधावर आला. पांढऱ्या शर्टवर राखेचे ठिपके पडले होते. नेमका त्याच वेळी सोमनाथ मोटरसायकल रस्त्याला लावून खाचरात उतरला. सुट्टीचा दिवस, आईला भेटायला आलेला.

"वयनी, तिसरं गिऱ्हाईक गेलं माजं! पोलिसात जाऊ का मी?"

"जा की. सांगा, भावजय राब भाजतीया. म्होरच्या साली भात खायाचा इचार करतीया म्हनावं."

"सगळ्या गावचा राब भाजून झालाय. तुमचाच का ऱ्हातो?"

"म्हातारी झाले, भावजी. एका दिसात उरकत न्हाई आता."

आनंदरावाने सोमनाथकडे बघून आवाज मऊ केला. "सोमा, तू शिकलेला हाईस. ऐक. त्यो एक नंबर तुला देतो. निम्म्या भावात. हप्त्यानं. तुज्या सवडीनं फेड. ह्याच्यावर काय पायजे?"

सोमनाथच्या चेहऱ्यावर आलेलं पारूबाईने बघितलं. भुकेल्याला वास यावा तसं होतं ते. त्याला ती एक खोली दिसत होती, कॉट दिसत होती, पडदा दिसत होता.

"आई," तो हळूच म्हणाला, "घिऊया का? फेडीन मी. ओव्हरटाईम करीन."

"किती सालं?"

"पोरगं कॉलेजात जाईस्तवर."

"तुजा आजा दोन हिवाळं राबला आनि नऊ खणांचा धनी झाला. तू पोरगं मोठं हुईस्तवर राबनार, कशासाठी? जे आपलंच हाय त्यासाठी?"

"आई, आज्याचा जमाना गेला! तुज्या ह्या धुरात आनंदाकाकाचं काय जायाचं न्हाई. माजं घर चाललंय जळून. कळतंय का तुला?"

हे मात्र पारूबाईला लागलं. तिने ओंजळभर माती घेतली आणि जिथं जाळाची जीभ वर आली होती तिथं टाकली. आनंदरावाने तेवढ्यात खिशातून पेन काढलं, जणू सौदा झालाच.

"बगा वयनी, पोराला कळतंय. जुनं उकरून काय मिळनार? बंडूदादा असता तर—"

"बापाचं नाव कशाला घेता, काका?" सोमनाथ वळला. "त्यो मरताना बी तेच बडबडत व्हता. भंडारा, भंडारा. मला वाटलं, तापात बोलतोय. एवढंच सांगा. तुमी बेलभंडार उचलला व्हता का न्हाई?"

आनंदराव हसायला गेला. "आरं, तवाचं—"

"तवाचंच इचारतोय. ते बगा देऊळ. तिकडं बगून सांगा."

खाली झाडीत भैरवनाथाचा कळस उन्हात चमकत होता. आनंदरावाने तिकडे बघितलं नाही. त्याने धुराकडे बघितलं, बुटांकडे बघितलं, पेन परत खिशात घातलं. "धूर लई झालाय," तो म्हणाला, "डोळं चुरचुरत्यात."

सोमनाथ आईजवळ आला. मग त्याने आईच्या कमरेच्या पिशवीतली काडेपेटी उचलली, शेजारच्या तयार तुकड्याशी गेला आणि काडी ओढली. कोरडी टहाळं, वर माती पुरती पडलेली नाही. वाऱ्यासरशी जाळ भपकन् उठला आणि धुराचा लोट तारेवरून, चुन्याच्या रेघांवरून, एक नंबरच्या खुंटीवरून थेट बोर्डावर गेला.

"काका," तो म्हणाला, "एक नंबर कुनाला बी दाखवा. मी दर ऐतवारी सुट्टीवर असतो. आनि राब दर साली असतो."

आनंदराव बांधावरनं उतरून गेला. खाली रस्त्यावर फाट्यावरनं परतलेल्या गाडीच्या काचा वर जाताना दिसल्या. सगळ्याच्या सगळ्या.

पारूबाई लेकाकडे बघत होती. बघता बघता तिच्या कपाळाला आठी पडली.

"आरं मुडद्या! त्यो म्होरल्या ऐतवारचा व्हता!"

"म्हंजी?"

"आनि वाऱ्याच्या तोंडानं लावत्यात व्हय राब? तुज्या आयटीआयवाल्यांनी येवढं बी शिकवलं न्हाई? जिमीन करपंल माजी. हो बाजूला."

तिने पदर खोचला, मातीची पाटी ओढली आणि जाळावर ओंजळी टाकत वाफ्याच्या कडेने सरकायला लागली. जाळ बसला, धूर जाड झाला.

"उबा काय ऱ्हायलास? त्या कडंला माती टाक. आनि सांजेला जायच्या आदी टहाळं तोडून दे. अजून दोन ऐतवार पुरवायचं हायत मला."