आत गेलेलं बूच

परवा मी स्वयंपाकघराच्या भिंतीला वाइनने आंघोळ घातली. आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलगा पुण्याहून बाटली घेऊन आला, पण बूच काढायचा स्क्रू विसरला. वाशीममध्ये तो कुणाच्या घरी असणार? सोबत त्याने एक विषयही आणला होता : इथलं घर विका आणि पुण्याला चला. विषय टाळायला बरं निमित्त मिळालं म्हणून मी म्हणालो, "आण, मी काढतो." लाटण्याचं टोक बुचावर टेकवलं आणि वरून वरवंटा हाणला. बूच आत गेलं, वाइन बाहेर आली. थोडी भिंतीवर, बाकी माझ्या नव्या सदऱ्यावर. मुलगा म्हणाला, "जाऊ द्या बाबा, उरलेली गाळून घेऊ आणि बाटली फेकून देऊ."

'फेकून देऊ' ऐकलं आणि मला आसेगावची मोठीमाय आठवली.

मोठीमाय म्हणजे माझी थोरली काकू. "नाही" एवढा एकच शब्द तिला ऐकू येत नसे, बाकी कान तिखट. एकदा शेलूबाजारला कंडक्टर म्हणाला, "आजी, ही गाडी तुमच्या फाट्यावर थांबत नाही." ती चढून पहिल्या सीटवर बसली. "गाडी नसन थांबत. तू तं थांबवशीन ना?" गाडी थांबली. उतरताना तिने त्याच्या हातावर मूठभर बोरं ठेवली, जणू त्यानेच हट्ट केला होता.

तिच्या घरातून बाटली बाहेर जात नसे. तेलाची, मधाची, फिनाईलची, सगळ्या कोनाड्यात ओळीने उभ्या. मी कधी एखादी उचलून टाकायला निघालो की म्हणे, "तोंड हाय, बूड हाय, अजून काय पाह्यजे तिले?"

काका गेल्यावर ती एकटी राहू लागली, तेव्हा तिच्या पुण्याला असलेल्या दोन्ही मुलांनी घर विकायचं ठरवलं. मोठीमाय ऐकेना. मग समजूत घालायला मला बोलावलं. मी दोन घास जास्त जेवलो आणि मुलांच्या बाजूने बोललो. गिऱ्हाईक पक्कं झाल्याच्या आनंदात थोरल्या दादाने अशीच बुचाची बाटली काढली.

"हे काय व्हय?"

"द्राक्षाचं औषध आहे, आई."

"औषध हाय तं चमच्यानं काहून नाई पेत?"

बूच निघेना. खिळा झाला, पक्कड झाली, शेवटी दादाने पेचकसाने ते आत ढकललं. औषध संपलं. मोठीमायने रिकामी बाटली उजेडात धरली. आत बूच खुळखुळत होतं.

"बाटली झ्याक हाय. बूच काढून द्या."

"आई, आत गेलेलं बूच बाहेर येत नसतं. तू काढून दाखव, मग राहा इथंच!"

सगळे हसले. मी जरा जास्तच.

"साऱ्यायनं आयकलं ना?" एवढं बोलून ती आत गेली आणि जुन्या लुगड्याची मऊ पट्टी घेऊन आली. पट्टीचं एक टोक बाटलीत सोडलं, बाटली उलटी केली, हलवत हलवत बूच गळ्यापाशी उभं आणलं. आता ते कापडाच्या कुशीत बसलं होतं. मग बाटली मांडीत दाबून तिने पट्टी ओढली. घाई नाही, झटका नाही. आमचं हसू केव्हा थांबलं, कळलं नाही. 'फट्' झालं आणि बूच पट्टीसकट दादाच्या पुढ्यात पडलं.

"आई, मी गंमत केली होती."

"मी नाई केली."

गिऱ्हाईक परत गेलं. मोठीमाय त्याच घरात राहिली आणि पुढे एका सकाळी, ओट्यावर तूर निवडता निवडता, तिथूनच गेली. ती बाटली तेव्हा कोनाड्यात होती. अर्धी तेलाने भरलेली, वर तेच बूच.

हे सगळं सांगत मी उरलेली वाइन पातेल्यात गाळली आणि बायकोच्या जुन्या पातळाची पट्टी फाडली. दोनदा बूच सटकलं, मुलाने मोबाईलवर माझं शूटिंगही केलं. मग एकदाचं निघालं. मुलाने टाळ्या वाजवल्या आणि लगेच मूळ पदावर आला, "ते ठीक आहे बाबा, पण घराचं काय ठरलं?"

माझी हिंमत बुचापुरतीच. मी बायकोकडे पाहिलं. तिने पट्टी धुतली, पिळली, खिडकीच्या दोरीवर वाळत घातली आणि मुलाला म्हणाली, "दिवाळीले दुसरी बाटली आनजो, बापू. फडकं इथंच हाय, अन् आमीबी."